वर्षातून एकदा येणाऱ्यासाठी : कार्यक्रमांच्या संकेतस्थळांवरील नोंदणी आणि लॉगिन

नाट्यप्रयोग, संगीत महोत्सव, मॅरेथॉन, चित्रपट महोत्सव, साहित्य संमेलन किंवा व्यावसायिक परिषद यांची तिकिटे विकणाऱ्या आणि नावे नोंदवून घेणाऱ्या संकेतस्थळांविषयी जेव्हा लिहिले-बोलले जाते, तेव्हा चर्चा बहुधा आसनांचा नकाशा, पैसे भरण्याची सोय आणि विक्री सुरू होताच उसळणारी गर्दी यांच्याभोवती फिरते. या सर्वांच्या आधी येणारी जी स्क्रीन, म्हणजे ‘खाते उघडा’ किंवा ‘लॉगिन करा’ असे सांगणारी स्क्रीन, ती मात्र बँकेच्या, ईमेलच्या किंवा किराणा घरपोच देणाऱ्या ॲपच्या नमुन्यावरून जशीच्या तशी उचलली जाते. ही उसनवारी चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. ईमेल किंवा किराणा यांच्याकडे माणूस आठवड्यातून अनेकदा जातो आणि सरावाने त्याचा पासवर्ड बोटांत बसतो. कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर तो वर्षातून एकदा, फार तर दोन-तीनदा येतो. 1953 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा श्रोता डिसेंबरात परततो, 2004 पासून गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, म्हणजे इफ्फीचा, प्रतिनिधी नोव्हेंबरात परततो आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचा धावपटू पुढच्या मोसमासाठी काही महिने आधी नाव नोंदवायला येतो. मधल्या काळात फोन बदललेला असतो, नोकरीबरोबर कार्यालयाचा ईमेल गेलेला असतो आणि गेल्या वर्षी घाईत ठरवलेला पासवर्ड तर कधी लक्षात राहिलेलाच नसतो. विसरणे ही या क्षेत्रातील सर्वसाधारण स्थिती आहे आणि तिला अपवाद मानून केलेली प्रत्येक रचना नेमक्या परतून येणाऱ्या, म्हणजे सर्वांत निष्ठावान प्रेक्षकालाच अडवते.

प्रारंभी काही संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात त्या एकमेकींत मिसळतात. ‘नोंदणी’ म्हणजे एखाद्या विशिष्ट कार्यक्रमाला येणार असल्याचे कळवून त्यासाठी लागणारा तपशील देणे. ‘खाते’ म्हणजे तो तपशील आणि पूर्वीचा व्यवहार पुढील भेटीसाठी संकेतस्थळाकडे कायम ठेवण्याची व्यवस्था. आणि ‘प्रमाणीकरण’ म्हणजे आलेली व्यक्ती त्याच खात्याची धनी आहे, हे पासवर्ड, एकदाच वापरायचा सांकेतिक अंक (ओटीपी) किंवा अन्य मार्गाने पटवून घेणे. संध्याकाळच्या नाटकाचे तिकीट काढायला पहिल्या गोष्टीचाही थोडासाच भाग लागतो : तिकीट कुठे पाठवायचे आणि प्रयोग रद्द झाल्यास कुणाला कळवायचे, एवढे समजले की काम भागते. तरीही असंख्य संकेतस्थळे आधी खाते, मग प्रमाणीकरण आणि शेवटी तिकीट असा उलटा क्रम लावतात. आयोजकाला प्रेक्षकांची यादी हवी असते, हे त्यामागचे खरे कारण असते आणि ते कारण समजण्यासारखेही आहे. परंतु ती यादी तिकीट हाती पडल्यावरही मिळू शकते.

या क्रमाची किंमत किती असते, याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकी वापरसुलभता-तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी 2009 मध्ये मांडले. एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर वस्तू निवडून झाल्यावर आणि पैसे भरण्यापूर्वी एक छोटा फॉर्म येत असे. त्यात ईमेल आणि पासवर्ड असे दोन रकाने, लॉगिन आणि नोंदणी अशी दोन बटणे आणि ‘पासवर्ड विसरलात?’ हा दुवा एवढेच होते. पहिल्यांदा आलेल्या ग्राहकांना नोंदणीची सक्ती खटकत असे. जुन्या ग्राहकांना ही स्क्रीन सोयीची वाटेल अशी रचनाकारांची समजूत होती, पण कोणता ईमेल दिला होता आणि कोणता पासवर्ड ठेवला होता हे त्यांनाही आठवत नसे. 45 टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली, पासवर्ड मागणाऱ्या विनंत्या दिवसाला सुमारे 1 लाख 60 हजारांवर गेल्या होत्या आणि अशी विनंती करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी खरेदी पुरी करण्याचा प्रयत्नच केला नाही. नोंदणीचे बटण काढून त्या जागी ‘पुढे चला’ असे बटण आणि खाते उघडणे आवश्यक नसल्याचे एक वाक्य ठेवल्यावर खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या 45 टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात 30 कोटी डॉलरची अधिक विक्री झाली. हे आकडे वस्तूंच्या दुकानाचे असले तरी त्यांतील जुन्या ग्राहकांविषयीचा भाग कार्यक्रमांच्या संकेतस्थळांना अधिकच लागू पडतो, कारण तेथे दोन भेटींमधले अंतर आणखी मोठे असते.

म्हणून पाहुण्याला खात्याशिवाय तिकीट काढू देणे हा साध्या कार्यक्रमांसाठी मूळ मार्ग असावा. पैसे भरून झाल्यावर, तिकीट समोर दिसत असताना, ‘हा तपशील पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचा का?’ असे विचारता येते आणि त्या क्षणी नाव, ईमेल, मोबाइल क्रमांक हे सर्व आधीच भरलेले असल्याने संमतीचे एक बटण दाबण्यापलीकडे काही उरत नाही. पाहुण्याला नंतर तिकीट पुन्हा हवे झाल्यास आरक्षण क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांच्या आधारे ते शोधून देण्याची सोय मात्र हवीच. ती नसेल तर नाट्यगृहाच्या दारात फोन चाळत उभे राहिलेल्या माणसाला खाते नसल्याची शिक्षा भोगावी लागते.

याचा अर्थ खाते सदैव अनावश्यक असा नाही. इफ्फीसारख्या महोत्सवात प्रतिनिधीची एकदाच नोंदणी होते, छायाचित्र आणि ओळखीचा पुरावा घेऊन ओळखपत्र दिले जाते आणि नंतर तोच प्रतिनिधी अनेक दिवस वेगवेगळ्या चित्रपटांच्या जागा आरक्षित करत राहतो. तेथे खाते हेच तिकीट असते. मॅरेथॉनमध्ये आपत्कालीन संपर्क, वैद्यकीय माहिती आणि लांब अंतरासाठी पूर्वीच्या शर्यतीतील वेळेचा दाखला लागतो आणि हा तपशील एका बैठकीत हाताशी नसतो, म्हणून अर्धवट अर्ज जतन करण्यासाठी खाते उपयोगी पडते. परदेशांतील मराठी मंडळांच्या अधिवेशनांत, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात, सबंध कुटुंबे दूरवरून मुक्कामाला येतात. आजी-आजोबा, दोन पालक आणि मुले यांचे वय, जेवणाची निवड आणि राहण्याची सोय एकत्र हाताळायची तर खाते व्यक्तीचे नसून कुटुंबाचे आहे असे धरून चालावे लागते. येथे बहुतेक तयार प्रणाली अडखळतात, कारण त्या प्रत्येक उपस्थितासाठी स्वतंत्र ईमेल मागतात आणि मग एकच सून सासूबाईंच्या नावाने एक बनावट ईमेल तयार करते, ज्यावर आलेली सूचना पुढे कुणीही वाचत नाही. एका खातेदाराखाली अनेक नावे आणि त्या नावांपुढे वेगळा संपर्क ऐच्छिक, ही रचना कठीण नाही. तिच्यासाठी एवढेच समजावे लागते की तिकीट काढणारा आणि कार्यक्रमाला जाणारा या अनेकदा दोन व्यक्ती असतात. पुण्यात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी नाटकाचे तिकीट न्यू जर्सीतून काढणारा मुलगा हाही याच गटात येतो.

खाते आधी उघडायला लावणे ज्या प्रसंगी प्रेक्षकाच्या हिताचे ठरते, तो प्रसंग म्हणजे प्रचंड मागणीची विक्री. 22 सप्टेंबर 2024 रोजी कोल्डप्ले या ब्रिटिश संगीतवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे खुली झाली, तेव्हा लाखो लोक एकाच वेळी ऑनलाइन रांगेत उभे होते. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्यासाठी तिकीटमास्टर या कंपनीकडे 35 लाख लोकांनी पूर्वनोंदणी केली होती आणि त्या विक्रीतील गोंधळाची चर्चा पुढे तेथील सिनेटच्या समितीपुढे झाली. अशा वेळी माणसांबरोबर तिकिटे घाऊक उचलणारे स्वयंचलित प्रोग्रॅम, ज्यांना बॉट म्हणतात, तेही रांगेत असतात; अमेरिकेने त्यांच्याविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला. काही दिवस आधी खाते उघडून मोबाइल क्रमांक पडताळून घेणे हा येथे उपयुक्त गाळणा आहे, परंतु त्यासाठी आयोजकाने ती सूचना वेळेवर आणि ठळकपणे दिली पाहिजे. विक्री सुरू होण्याच्या मिनिटाला, जागा निवडून झाल्यावर आणि ‘तुमच्याकडे आठ मिनिटे उरली आहेत’ असे घड्याळ चालू असताना लॉगिनची स्क्रीन मध्ये टाकणे ही या क्षेत्रातील सर्वांत क्रूर चूक आहे, कारण ओटीपी यायला लागलेला वेळ प्रेक्षकाच्या खात्यातून वजा होतो आणि दोष त्याचा नसताना जागा सुटते. लॉगिन रांगेच्या आधी यावे. ते शक्य नसेल तर ते चालू असेपर्यंत घड्याळ थांबावे.

प्रमाणीकरणाच्या साधनांपैकी सर्वांत जुने साधन म्हणजे पासवर्ड. 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची प्रणाली तयार झाली आणि तीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवण्यासाठी तो योजला गेला. रोज त्याच यंत्रावर काम करणाऱ्या मोजक्या संशोधकांसाठी असलेले साधन पुढे सर्वांच्या गळ्यात पडले. मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि चिन्ह हवेच, आणि पासवर्ड वरचेवर बदलायला हवा, हे नियम अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेच्या 2003 मधील मार्गदर्शिकेमुळे जगभर रुळले. त्याच संस्थेने 2017 मध्ये ते मागे घेतले. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनीही त्या वर्षी त्यांविषयी जाहीर खेद व्यक्त केला. 2017 च्या मार्गदर्शिकेने लांबीला महत्त्व दिले, चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची अट नको असे सांगितले आणि पासवर्ड चिकटवण्याची, म्हणजे पेस्ट करण्याची, मुभा द्यावी असे सुचवले. 2025 च्या सुधारित आवृत्तीने जेथे केवळ पासवर्डवर भिस्त असते तेथे किमान 15 अक्षरांची अट घातली. एवढ्या उलथापालथीनंतरही कार्यक्रमांच्या अनेक संकेतस्थळांवर ‘किमान एक विशेष चिन्ह’ ही ओळ लाल रंगात झळकत राहते आणि पेस्ट करणे बंद केलेले आढळते. पासवर्ड दुसऱ्यांदा टाइप करून घेण्याचा रकानाही निरुपयोगी आहे. त्याऐवजी टाइप केलेले दाखवणारे डोळ्याचे चिन्ह पुरते. पासवर्ड झाकण्याची ही सवयच सोडावी, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2009 मध्येच लिहिले होते.

भारतात पासवर्डची जागा बऱ्याच अंशी ओटीपीने घेतली आहे. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने 2009 पासून दुसऱ्या पडताळणीची अट लागू केली, त्यामुळे संदेशातून आलेले अंक भरण्याची क्रिया लहान गावांतील माणसालाही परिचित झाली आणि लक्षात ठेवण्यासारखे काही नसल्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्यासाठी ती साजेशीही आहे. तिच्या मर्यादा मात्र रचनाकारांच्या ध्यानात क्वचितच असतात. बंद झालेला मोबाइल क्रमांक भारतात किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे गेल्या डिसेंबरात नोंदवलेला क्रमांक या डिसेंबरात अनोळखी माणसाच्या हाती असू शकतो आणि केवळ त्या क्रमांकाच्या ओटीपीवर जुने खाते, जतन केलेले पत्ते आणि तिकिटे त्याला दिसू शकतात. वर्षभर न वापरलेल्या खात्यात क्रमांकाबरोबर ईमेलची किंवा जुन्या आरक्षणाची एखादी खूण विचारणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. दुसरी मर्यादा परदेशस्थ मराठी माणसांची आहे : +91 हा उपसर्ग कायमचा छापलेला असेल आणि दुसरा देश निवडता येत नसेल, किंवा निवडता येऊनही संदेश तिकडे पोहोचत नसेल, तर पुण्यातल्या कार्यक्रमाचे तिकीट सिंगापूरहून काढता येत नाही, आणि म्हणून ईमेलवर अंक पाठवण्याचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर दिसायला हवा. तिसरी गोष्ट तांत्रिक असली तरी तिचा परिणाम लगेच जाणवतो. अंकांचा रकाना एकच ठेवून त्याला ‘वन-टाइम-कोड’ अशी खूण दिली, तर आलेला अंक फोन स्वतःहून सुचवतो (आयफोनवर ही सोय 2018 पासून आहे); सुंदर दिसावे म्हणून सहा वेगळे चौकोन काढले की ही सुविधा अनेकदा मोडते आणि अंधांसाठीचे स्क्रीन-वाचकही त्यात गोंधळतात.

ओटीपीचा संदेश मराठीत पाठवायचा असेल, तर त्याची पूर्वतयारी लागते. रोमन लिपीतील साध्या संदेशाच्या एका भागात 160 अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीत 70, आणि मात्रा व हलन्त वेगळे मोजले जात असल्याने ही जागा दिसते त्याहूनही कमी असते. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 मधील विनियमांनुसार व्यावसायिक संदेशांचे मसुदे आधी नोंदवून ठेवावे लागतात. परिणामी मराठी संकेतस्थळावरून मराठीत सुरू झालेली नोंदणी इंग्रजी संदेशावर येऊन थांबते. प्रारंभीच मराठीचा आटोपशीर मसुदा नोंदवून ठेवणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

ईमेलवर पाठवलेला एकदाच चालणारा दुवा, गूगल किंवा ॲपलच्या खात्याने लॉगिन आणि पासकी हे उरलेले तीन मार्ग होत. दुव्याची पद्धत स्वच्छ आहे, परंतु काही कार्यालयांतील सुरक्षा-प्रणाली येणाऱ्या पत्रातील दुवे तपासण्यासाठी स्वतःच उघडतात आणि एकदाच चालणारा दुवा वाचकाने स्पर्श करण्यापूर्वीच संपतो. त्याच पत्रात सहा अंकही दिले तर ही अडचण टळते. दुसऱ्या कंपनीच्या खात्याने लॉगिन करणे सोयीचे वाटले तरी पाच-सहा कंपन्यांची चिन्हे एकाखाली एक लावली, की गेल्या वर्षी त्यांपैकी कोणते वापरले होते हा नवाच प्रश्न प्रेक्षकापुढे उभा राहतो आणि तो चुकीचे चिन्ह निवडून दुसरे खाते उघडून बसतो, ज्यात त्याचे तिकीट नसते. मेलचिंप या ईमेल-सेवेने 2012 मध्ये अशी बटणे लावून पाहिली, तेव्हा लॉगिनच्या पानावर आलेल्यांपैकी केवळ 3.4 टक्क्यांनी ती वापरली. चिन्हे ठेवायचीच असतील तर एक-दोनच ठेवावीत, आणि त्या ब्राउझरमध्ये पूर्वी वापरलेल्या पर्यायाजवळ तशी नोंद दाखवावी.

पासकी हा या सर्वांत नवा आणि कार्यक्रमांच्या क्षेत्रासाठी सर्वांत आशादायक मार्ग आहे. यात फोन किंवा संगणक एकमेकांशी जोडलेल्या दोन किल्ल्या तयार करतो. गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्या उपकरणात किंवा त्याच्या ॲपल अथवा गूगल खात्यात सुरक्षित राहते, संकेतस्थळाकडे केवळ सार्वजनिक किल्ली जाते आणि लॉगिनच्या वेळी बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचा पिन एवढेच द्यावे लागते. या तंत्रामागील वेबऑथन हे मानक मार्च 2019 मध्ये मान्य झाले आणि मे 2022 मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी त्याचा एकत्रित पाठपुरावा जाहीर केला. किल्ली ठरावीक संकेतस्थळाशीच बांधलेली असल्याने बनावट तिकीट-संकेतस्थळ ती उकळू शकत नाही, आणि लक्षात ठेवायचे काही नसल्याने वर्षाच्या खंडाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तथापि घरात एकच फोन अनेकांच्या हातात असतो आणि नवा फोन जुन्या खात्याशी न जोडता वापरायला घेतला जातो, अशा ठिकाणी पासकी हा एकमेव मार्ग ठेवणे धोक्याचे आहे. तिची विचारणा खाते उघडताना न करता पहिले तिकीट मिळाल्यावर करावी, कारण तोपर्यंत परत येण्याचे कारण निर्माण झालेले असते.

मार्ग कोणताही असो, फॉर्ममधील रकाने हीच शेवटी प्रेक्षकाशी होणारी भेट असते आणि मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत तिची परीक्षा नावाच्या रकान्यापासून सुरू होते. ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन सक्तीचे रकाने स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव या महाराष्ट्रातील रूढ मांडणीला अपुरे पडतात, आडनाव न लावणाऱ्या माणसाला खोटे लिहायला लावतात आणि गोव्यातील डि’सूझा या आडनावातील वरचे स्वल्पविराम-चिन्ह ‘अवैध’ ठरवतात. जागतिक जाल-मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचा सल्ला असा की शक्य तेथे संपूर्ण नावाचा एकच रकाना द्यावा. ओळखपत्राशी नाव जुळवायचे नसेल तर त्यापुढे जाण्याची गरजच नाही, आणि जुळवायचे असेल तर ‘ओळखपत्रावर आहे तसे’ ही सूचना रकान्याच्या वर, कायम दिसेल अशी असावी. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीला गेल्या वर्षीच्या खात्यातील नाव कुणाला फोन न करता दुरुस्त करता आले पाहिजे. श्री, श्रीमती, कुमारी यांची सक्तीची निवड तर कोणत्याही कार्यक्रमाला लागत नाही. ती काढून टाकावी.

देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे, कारण ती दिसत नाही. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रणालीत क, ख, ग ही ‘अक्षरे’ या वर्गात मोडतात, परंतु काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही ‘जोडचिन्हे’ या वेगळ्या वर्गात. ‘नावात केवळ अक्षरे चालतील’ असा तपास लिहिणारा प्रोग्रॅमर पहिलाच वर्ग मान्य करतो, तेव्हा ‘कमल’ हे नाव स्वीकारले जाते आणि ‘कमला’ नाकारले जाते. लांबीचेही तसेच आहे : ‘क्षितिज’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण संगणकाच्या हिशेबी त्यात सात चिन्हे आहेत आणि इंग्रजी नावांवरून ठरवलेली मर्यादा मराठी पूर्ण नावाला लवकर गाठते. मराठी कीबोर्ड चालू असताना मोबाइल क्रमांक ९, ८, ७ अशा देवनागरी अंकांत टाइप होतो आणि बहुतेक फॉर्म तो ‘चुकीचा क्रमांक’ म्हणून परत करतात. हे अंक आतल्या आत रूपांतरित करून घेणे काही ओळींचे काम आहे. आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, आपल्याच संमेलनासाठी नाव नोंदवणाऱ्या माणसाला ‘अवैध’ हा शब्द वाचावा लागणे ही अपमानाची गोष्ट आहे, आणि मराठी संस्थांनी संकेतस्थळ बनवून घेताना ही तपासणी कंत्राटातच लिहून घ्यायला हवी.

चुकांच्या संदेशांविषयी सुरक्षा आणि सौजन्य यांच्यात खरा ताण आहे. ‘या ईमेलचे खाते नाही’ असे स्पष्ट सांगितले तर प्रेक्षकाला मदत होते, परंतु कुणाचे खाते आहे आणि कुणाचे नाही हे बाहेरच्यालाही एकेक ईमेल घालून शोधता येते. आणि ‘माहिती चुकीची आहे’ एवढेच सांगितले तर चूक ईमेलमध्ये आहे की पासवर्डमध्ये हे कळत नाही. यातून निघणारी वाट अशी की नोंदणी आणि लॉगिन या दोन वेगळ्या स्क्रीनच ठेवू नयेत : एकच रकाना असावा, त्यात ईमेल किंवा मोबाइल क्रमांक घ्यावा, प्रत्येक वेळी अंक पाठवावा आणि तो बरोबर भरल्यावरच जुने खाते उघडावे किंवा नवे तयार करावे. या रचनेत माणसाला आपले खाते आहे की नाही हे आठवावे लागत नाही, आणि वर्षातून एकदा येणाऱ्यासाठी हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

दिव्यांग आणि वयोवृद्ध प्रेक्षकांच्या दृष्टीने ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या 2.2 या आवृत्तीने महत्त्वाची भर घातली : लॉगिनसाठी स्मरणाची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा घ्यायची असेल तर तिला पर्याय वा मदत असली पाहिजे, आणि एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा मागू नये. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा 2000 च्या दशकाच्या आरंभी माणूस आणि यंत्र वेगळे करण्यासाठी योजला गेला. आज ती परीक्षा यंत्रे सहज पार करतात आणि अडतो तो मोतीबिंदू झालेला श्रोता. चेहरा दाखवून, पापण्या मिटून ओळख पटवण्याच्या पद्धतीही सर्वांना चालत नाहीत. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रवेशद्वारावर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा विचार करणाऱ्या आयोजकांनी त्या निर्णयाकडे लक्ष द्यायला हवे.

शेवटचा प्रश्न मागितलेल्या माहितीच्या हक्काचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी लागते, तिच्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते; बालनाट्य स्पर्धा आणि शालेय शर्यती भरवणाऱ्यांना ही अट थेट लागू होते. त्याच वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढून 13 प्रकार निषिद्ध ठरवले, ज्यांत असंबद्ध गोष्टीची सक्ती करणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हेही आहेत. आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये दिला होता. तिकिटासाठी दिलेला मोबाइल क्रमांक प्रायोजकाच्या जाहिरातींसाठी वापरायचा असेल तर तो प्रश्न वेगळा, रिकाम्या चौकोनासह आणि नकार दिल्यावरही तिकीट मिळेल अशा रीतीने विचारावा लागेल. माहितीचा हेतू संपल्यावर ती पुसण्याचे बंधनही भारतीय कायद्यात आहे, आणि कार्यक्रमांच्या बाबतीत हेतू कधी संपतो हे अन्य व्यवसायांपेक्षा स्पष्ट असते : शर्यत पार पडल्यावर धावपटूचा वैद्यकीय तपशील आणि महोत्सव संपून हिशेब मिटल्यावर ओळखपत्राची प्रत ठेवण्याचे कारण उरत नाही. नाव आणि संपर्क पुढच्या वर्षासाठी राहावेत असे ज्याला वाटते, त्याला तसे निवडू द्यावे, आणि खाते बंद करण्याचे बटण ते उघडण्याच्या बटणाइतक्याच सहज सापडेल अशा जागी ठेवावे. ॲपलने आपल्या दुकानातील ॲपसाठी खाते ॲपमधूनच पुसता येण्याची सोय 30 जून 2022 पासून बंधनकारक केली आहे, आणि संकेतस्थळांनी त्याहून मागे राहण्याचे काही कारण नाही.